पारचा पूल

आषाढ लागला की भोर आणि वेल्हे या भागातील डोंगरांचे रूप पालटते. तोरणा आणि राजगड यांची शिखरे ढगांत दडून जातात. कड्याकड्यांवरून पांढरेशुभ्र धबधबे झेपावू लागतात. उन्हाळ्यात ज्या ओढ्यात गुरांना पुरेसे पाणी मिळत नाही, तोच ओढा आता माणसाला पाऊल टाकू देत नाही. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, शिवगंगा या नद्या अशा शेकडो ओढ्यांना पोटात घेऊन दुथडी भरून वाहतात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. परंतु तालुक्याचे नाव कोणतेही असो, तेथल्या पावसाचा स्वभाव काही बदललेला नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी जे शहरात राहतात, त्यांना पुलाचे मोल सहसा जाणवत नाही. रस्ता जसा पुढे जातो, तसाच तो नदीवरूनही जातो, एवढेच त्यांना ठाऊक असते. मीही पूर्वी असाच होतो. पुलाचे मोल मला एका रात्रीने शिकवले.

त्या वेळी मी वेल्ह्याकडील एका शाळेत शिक्षक होतो. शाळा ओढ्याच्या या काठाला आणि दोन वाड्या त्या काठाला होत्या. मध्ये एक साकव होता. दोन काठांवर लांब ओंडके टाकावेत, त्यांवर आडव्या फळ्या ठोकाव्यात आणि धरायला एका अंगास बांबू बांधावा, की झाला साकव. वाड्यांवरची मुले रोज त्यावरून ये-जा करीत.

श्रावणातला एक दिवस मला अजून आठवतो. दुपारपासून पाऊस कोसळू लागला होता. शाळा सुटली तेव्हा मुले धावत काठावर गेली आणि तशीच धावत परत आली. "गुरुजी, साकव गेला!" त्यांचे तोंड पांढरे पडले होते. मी जाऊन पाहिले, तो साकवाचा पत्ता नव्हता. गढूळ पाण्याचे लोट मोठमोठी झाडे घेऊन चालले होते. या काठी अकरा मुले अडकली होती.

सांज झाली. पलीकडच्या काठावर इरली आणि घोंगडी पांघरलेली माणसे जमली. ती काहीतरी ओरडून विचारीत होती. पण पाण्याच्या गर्जनेपुढे एक अक्षरही ऐकू येत नव्हते. दोन काठांत अंतर असेल पन्नास पावलांचे. परंतु त्या रात्री ते पन्नास कोसांचे झाले होते. अखेर पलीकडच्या एका बाईने हातातला कंदील उंच धरून तीनदा वरखाली हलवला. मी आमचा कंदील घेतला आणि एकेका मुलासाठी एकदा, असा अकरा वेळा वर उचलला. अकरावा कंदील वर गेला, तेव्हा पलीकडची माणसे हळूहळू मागे फिरली.

गावातून पिठले-भाकरी आली. मुले जेवली आणि वर्गातच सतरंज्यांवर झोपली. एक मुलगा मात्र जेवला नाही. त्याची आई घरी तापाने फणफणत होती आणि तिच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. तो रात्रभर पडवीत बसून अंधारात पाण्याकडे पाहत राहिला. पहाटे पाऊस ओसरला, दुपारी पाणी उतरले आणि गावकऱ्यांनी दोर बांधून मुलांना पलीकडे नेले. त्या मुलाची आई बरी होती. तरीही ती रात्र तो विसरला नाही, आणि मीही विसरलो नाही.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आम्ही शाळेची सहल प्रतापगडास नेली. भोर ओलांडून मांढरदेवीच्या डोंगरावरून गाडी वाईस उतरली. तेथून पसरणीचा घाट चढून आम्ही पाचगणी आणि महाबळेश्वर येथे गेलो आणि आंबेनळी घाटाने जावळीच्या खोऱ्यात शिरलो. प्रतापगड पाहून झाल्यावर मी मुलांना म्हणालो, "गड तर आपण पाहिला. आता गडाच्या पायथ्याची एक वस्तू पाहू. तिच्यावर बुरूज नाहीत, तोफा नाहीत. पण आज तुम्हांला तिचाच धडा शिकायचा आहे."

ती वस्तू म्हणजे सातारा जिल्ह्यातील पार या गावाजवळचा, कोयना नदीवरील दगडी पूल.

काळ्या कातळाचे घडीव दगड, त्यांच्या सांध्यांत चुना, आणि नदीच्या पात्रात रोवलेल्या भक्कम खांबांवर झुकलेल्या कमानी, असे त्याचे रूप आहे. शिवकालापासून उभा असलेला पूल म्हणून सारा परिसर त्यास ओळखतो. महाबळेश्वरात उगम पावलेली कोयना येथे अजून लहान आहे. हिवाळ्यात ती कमानींखालून खळखळत जाते. पण पावसाळ्यात याच खोऱ्यात ढगांच्या रांगा फुटतात आणि ती रौद्र होते. असे शेकडो पावसाळे या पुलाने अंगावर घेतले आहेत.

हा पूल येथेच का बांधला गेला असेल? नकाशा पाहिला की उत्तर मिळते. पार हे गाव देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या पारघाटाच्या वाटेवर आहे. कोकणातील माल घेऊन बैलांचे तांडे या वाटेने वर चढत आणि देशावरचे धान्य घेऊन खाली उतरत. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली आणि या वाटांची नाकेबंदी करणारा प्रतापगड मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली बांधून घेतला. १६५९ साली महाराज राजगडाहून येथे आले. अफजलखानाची छावणी या पारच्याच परिसरात पडली होती आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी ती इतिहासप्रसिद्ध भेट झाली. गड वाट अडवतो आणि पूल वाट उघडतो. राज्याला या दोहोंची गरज असते. ज्या राज्यात केवळ गड आहेत आणि वाटा नाहीत, तेथील रयतेला ना मीठ मिळते, ना न्याय.

मुले पुलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा धावली. मग मी त्यांना नदीच्या पात्रात उतरवले आणि कमानीखाली उभे करून विचारले, "हे दगड डोक्यावर आहेत. त्यांना खालून टेकू नाही. मग ते पडत का नाहीत?"

कोणी म्हणाले, "चुना चिकट असतो म्हणून." कोणी म्हणाले, "आत लोखंड असेल."

मी दोन उंच मुलांना समोरासमोर उभे केले. त्यांना एकमेकांचे तळहात जुळवायला लावले आणि पाय मागे घेत घेत एकमेकांवर रेलायला सांगितले. दोघेही इतके झुकले, की एकटा असता तर कोणीही तोंडावर आपटला असता; परंतु दोघांनी मिळून एक कमान तयार केली होती. मग एका लहान मुलाला मी त्यांच्या जुळलेल्या हातांना लोंबकळायला सांगितले. कमान मोडली नाही. उलट तळहात अधिकच घट्ट बसले. एवढ्यात एकाचा पाय वाळूवरून घसरला आणि तिघेही हसत हसत खाली पडले.

"पाहिलेत?" मी म्हणालो. "या खेळात पुलाची सारी विद्या आली."

दगडाचा एक गुण आहे आणि एक अवगुण आहे. दाबले तर तो पुष्कळ भार सोसतो. पण वाकवले किंवा ताणले तर लवकर तडकतो. म्हणून नदीवर लांबच लांब शिळा आडवी टाकून चालत नाही. ती आपल्याच वजनाने मधोमध मोडते. कमानीत मात्र प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता. त्याला खाली पडायचे असते, पण शेजारचे दोघे त्याला वाट देत नाहीत. वरून जितका भार यावा, तितके ते एकमेकांना अधिक घट्ट दाबतात. तो दाब दगडादगडांतून खाली उतरत उतरत शेवटी खांबांत आणि काठांत शिरतो. अगदी माथ्यावरचा, दोन्ही बाजूंना बांधून टाकणारा दगड बसेपर्यंत मात्र कमान स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. तोवर तिला खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो. माथ्याचा दगड बसला आणि चुना सुकून घट्ट झाला, की साचा काढून घेतात. त्या क्षणी पाथरवटांच्या छातीत केवढी धडधड होत असेल, याची कल्पना करा!

चुन्याचेही शास्त्र आहे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची आणि वाळूबरोबर घाण्यात मळायची. गोल खोदलेल्या चरातून दगडी चाक फिरायचे, बैल ते ओढायचे आणि चुना लोण्यासारखा मऊ व्हायचा. असे चुन्याचे घाणे अनेक गडांवर आजही पाहावयास मिळतात. चुना सिमेंटसारखा झटपट कठीण होत नाही. तो हवेतून हळूहळू बळ घेतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. म्हणूनच जुन्या दगडी बांधकामाची डागडुजी सिमेंटने करू नये, असे जाणकार सांगतात. सिमेंटमुळे ओल आतच कोंडते आणि दगड झिजू लागतात.

आणि त्या मुलाचा घसरलेला पाय? तोही धड्याचाच भाग आहे. कमान कितीही चांगली असो, पाय घसरला की ती कोसळते. पुराचे पाणी खांबांच्या पायथ्याची माती आणि वाळू उपसून नेते. वरून पूल जसाच्या तसा दिसतो. पण त्याच्या पायाखालची भूमी सरकत असते. म्हणून पाया शक्य तेथे कातळावर घेतात आणि पाणी दुभंगून जावे, यासाठी खांबांना प्रवाहाच्या दिशेने नावेसारखे टोक ठेवतात.

मुले पुन्हा वर गेली. तो रात्री न जेवलेला मुलगा मात्र माझ्याजवळच रेंगाळत होता. कमानीकडे पाहत तो हळूच म्हणाला, "गुरुजी, राजांनी आमच्या ओढ्यावर असा पूल का नाही बांधला?"

क्षणभर मला उत्तर सुचले नाही. मी त्याला म्हणालो, "बाळ, असा एक पूल बांधायला शेकडो हात आणि पुष्कळ धन लागते. जेथून लष्कर आणि तांडे जात, अशाच वाटेला पूर्वी तो मान मिळे. तुझ्या ओढ्यावरून जाणारी होती चार घरांची माणसे. त्यांची आठवण त्या काळी कोण ठेवणार? पण आता राज्य लोकांचे आहे. तेव्हा हा प्रश्न आता राजांना विचारायचा नाही, आपणच आपल्याला विचारायचा." त्याने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नाही, हे मला दिसत होते.

इतक्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक म्हातारे गृहस्थ पुलावरून येताना दिसले. मुलांनी वाट दिली. ते मध्येच थांबले, भारा खाली ठेवला आणि वाकून दगडांच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे बोटभर रोप त्यांनी मुळासकट उपटून नदीत टाकले.

"आजोबा, पिंपळ का उपटलात? पिंपळ उपटू नये म्हणतात ना?" एका मुलीने विचारले.

"माळावर असता तर नसता उपटला, पोरी," ते म्हणाले. "इथं तो आज बोटाएवढा हाय. पाच वर्सांनी मनगटाएवढा हुईल, अन् धा वर्सांनी दगड उचलून फेकंल. लहानपणी दोन बोटांनी निघतो. मोठा झाला की कुऱ्हाडीलाबी ऐकत न्हाई." एवढे बोलून त्यांनी भारा डोक्यावर घेतला आणि ते चालू लागले. त्यांना कोणी तसे करायला सांगितले नव्हते, त्याचा मोबदलाही मिळणार नव्हता. त्या दिवशी आमच्या सहलीतला सर्वांत मोठा गुरू कोण होता, हे मी तुम्हांला वेगळे सांगायला हवे काय?

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. पुढे २०१६ साली एक बातमी ऐकली आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे शब्द मला पुन्हा आठवले.

महाबळेश्वराच्या डोंगरातून कोयनेप्रमाणेच सावित्री नदीही निघते. श्रद्धाळू लोक कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांना पाच बहिणी मानतात. कोयना पूर्वेकडील कृष्णेला जाऊन मिळते. सावित्री मात्र पश्चिमेस कोकणात उडी घेते आणि महाडावरून समुद्राकडे जाते. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ या सावित्रीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसात नदीला महापूर आला आणि त्या पुलाचा मोठा भाग कोसळला. अंधारात पुढे पूल नाही, हे कोणाला दिसणार? एस. टी. च्या दोन गाड्या आणि एक मोटार पुरात गेली. सुमारे चाळीस माणसे प्राणांस मुकली. पुढे २०१७ साली तेथे नवा पूल उभा राहिला. परंतु गेलेली माणसे परत आली नाहीत.

दोन बहिणींसारख्या दोन नद्या, आणि दोन्हींवर दगडी कमानींचे पूल. त्यांतील जुना उभा आहे आणि नवा कोसळला. यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की जुने ते सारे अभेद्य आणि नंतरचे ते सारे तकलादू. महामार्गावरील पुलाला जेवढा भार सोसावा लागे आणि खाली आलेल्या नदीत जेवढे पाणी असते, तेवढे डोंगरातल्या पुलाच्या वाट्याला येत नाही. अर्थ एवढाच, की कोणताही पूल आपल्या वयावर उभा राहत नाही आणि कीर्तीवरही उभा राहत नाही. त्याचा पाया पाहावा लागतो, सांधे तपासावे लागतात, त्यावरून किती भार न्यावा हे ठरवावे लागते आणि संशय आला तर वेळीच वाहतूक थांबवावी लागते. तो शिवकालीन आहे एवढ्याने पारच्या पुलालाही या नियमातून सूट नाही.

जगातील जे जुने पूल आज उभे आहेत, त्यांची कथा हेच सांगते. चीनमध्ये चाओचौ येथे इसवी सन ६०५ च्या सुमारास बांधलेला, सुमारे ३७ मीटर रुंदीची एकच कमान असलेला दगडी पूल आहे. चौदाशे वर्षांत त्याची अनेकदा दुरुस्ती झाली आहे. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे गोमती नदीवर अकबराच्या कारकिर्दीत मुनीम खानाने बांधवलेला पूल आहे. १९३४ च्या भूकंपात त्याच्या काही कमानी ढासळल्या. लोकांनी तो टाकून दिला नाही; कमानी पुन्हा बांधल्या. दीर्घायुष्य हे बांधणाऱ्याच्या कौशल्याइतकेच सांभाळणाऱ्यांच्या चिकाटीचे फळ असते.

जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी आपल्याकडे कायदे आहेत. केंद्र शासनाचा कायदा १९५८ चा आहे आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. एखादी वास्तू संरक्षित म्हणून घोषित झाली, म्हणजे तिची मोडतोड करणे हा गुन्हा ठरतो. आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट करण्यात आली आणि आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे हे त्यांतील एक कर्तव्य आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत आमचा राजगड आहे आणि प्रतापगडही आहे. ही आनंदाची आणि अभिमानाची गोष्ट आहे. परंतु मुलांनो, गडाकडे मान वर करून पाहताना पायाखालच्या पुलाकडेही पाहत जा. गडावर लोक वर्षातून एकदा जातात, पुलावरून मात्र रोज जातात. म्हणूनच पुलाकडे आपले लक्ष नसते. जी वस्तू रोज उपयोगी पडते, तिचे आभार मानायचे आपण विसरतो.

कोणी विचारील, गावाला रस्ता हवा, मोठी गाडी हवी, आजाऱ्याला वेळेवर दवाखान्यात नेता यायला हवे. मग जुन्या पुलाचे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. काठावर कंदील घेऊन उभ्या असलेल्या आईला इतिहास नको असतो, तिला आपले मूल हवे असते. म्हणून जेथे गरज आहे तेथे नवा, रुंद, भक्कम पूल झालाच पाहिजे. जड वाहने नव्या पुलावरून जावीत, आणि जुन्या पुलाने माणसांची, गुरांची आणि आठवणींची ये-जा सांभाळावी. नव्यासाठी जुने पाडावे लागत नाही आणि जुन्यासाठी नवे अडवावे लागत नाही. दोघांनाही जागा देता येण्याएवढी नदी लांब असते.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून हा पाठ संपवतो. तो शिकला आणि शेती करण्यासाठी आपल्या वाडीतच राहिला. त्या ओढ्यावर पुढे काँक्रीटचा एक लहानसा पूल झाला. निवृत्तीनंतर एकदा वैशाखात मी सहज त्या बाजूस गेलो होतो. पुलाखालून बोलण्याचा आवाज आला, म्हणून वाकून पाहिले. तो आणि वाडीतली सात-आठ मुले कोरड्या पात्रात उभी होती. खांबांना अडकलेले ओंडके आणि काटक्या ओढून ती काठावर रचीत होती.

मला पाहताच तो वर आला आणि वाकून पाया पडला. मी विचारले, "हे काय चालले आहे?"

तो म्हणाला, "गुरुजी, कचरा अडकला की पाण्याला वाट राहत नाही, मग ते पुलालाच धक्का देतं. दरवर्षी पावसाआधी आम्ही एक दिवस देतो." मग किंचित हसून तो म्हणाला, "तुम्हांला एक प्रश्न विचारला होता मी, पारच्या पुलाखाली. आठवतो?"

मला तो आठवत होता. त्याचे उत्तर त्या वेळी मला नीट देता आले नव्हते. त्याने ते स्वतःच शोधले होते.

शब्दार्थ

साकव – ओढ्यावरचा लाकडी, लहान पूल. इरले – पावसापासून रक्षणासाठी पाने व कामट्यांचे केलेले आच्छादन. दुथडी – दोन्ही काठ भरून. कातळ – अखंड, कठीण खडक. पाथरवट – दगड घडवणारा कारागीर. चर – लांब खोदलेली खाच. तांडा – मालवाहू बैलांचा आणि व्यापाऱ्यांचा समूह. नाकेबंदी करणे – येण्याजाण्याच्या वाटांवर ताबा ठेवणे. तकलादू – न टिकणारे.

स्वाध्याय

१. पलीकडच्या काठावरील माणसे कंदील पाहून मागे का फिरली?

२. दोन मुलांच्या खेळातून लेखकाने कमानीचे कोणते गुण समजावून दिले? मुलाचा पाय घसरला, यावरून काय शिकायचे?

३. 'गड वाट अडवतो आणि पूल वाट उघडतो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

४. 'लहानपणी दोन बोटांनी निघतो. मोठा झाला की कुऱ्हाडीलाबी ऐकत न्हाई.' हे वाक्य प्रमाण भाषेत लिहा. पिंपळाच्या रोपाखेरीज आणखी कोणत्या गोष्टींना ते लागू पडते?

५. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने पुढे कसे दिले?

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तोंड पांढरे पडणे, प्राणांस मुकणे, पोटात घेणे, सूट नसणे.

७. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा जवळपासचा एखादा पूल वडीलधाऱ्या माणसांबरोबर जाऊन काठावरून पाहा. तो कशाचा आहे, केव्हा बांधला, त्याच्या सांध्यांत झाडे उगवली आहेत काय, खांबांना कचरा अडकला आहे काय, याची नोंद करा. काही दोष आढळल्यास ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस कळवण्यासाठी एक पत्र लिहा.